उजव्या बाजूची गादी

सकाळी दात घासायला आरशासमोर उभी राहिले आणि ब्रश दाढांपर्यंत पोचेना. पुढच्या दातांवर फिरत होता, पण आत वळवायला तोंड जितकं उघडावं लागतं तितकं ते उघडतच नव्हतं. थोडं उघडलं की उजव्या कानापुढे काहीतरी आडवं यायचं. आधी अडायचं, आणि जोर केला की मग दुखायचं. दरवाजाखाली खडा आला की तो प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी येऊन थांबतो, तसं. एरवी मी तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे सहज घालू शकत असे. त्या दिवशी दुसरं बोट निम्मंही जाईना.

पहिली भीती धनुर्वाताची. ‘दातखीळ बसली’ हे आपण इतकं सहज बोलून जातो की ती खरोखर बसते तेव्हा मनात दुसरं काही येतच नाही. पण ताप नव्हता, मान-पाठ ताठ नव्हती, कुठे जखम झाल्याचं आठवत नव्हतं. मग वाटलं, रात्री वेडंवाकडं झोपले असेन, दुपारपर्यंत उतरेल. दुपारी उतरलं नाही, चार दिवसांनीही नाही. तोवर उजवा कान ठणकायला लागला होता, अगदी आत, खोल. म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी कानात नीट पाहिलं. नळी स्वच्छ, पडदा स्वच्छ. दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि थोडे दिवस वाट पाहा म्हणाले. कान खरोखरच निरोगी होता, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तोंड किती उघडतं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला दोन वेगळी दुखणी एकदम लागली आहेत, एक कानाचं आणि एक जबड्याचं, असंच मी धरून चालले होते. त्या गैरसमजात जवळजवळ तीन आठवडे गेले. त्याची हळहळ मला अजून वाटते.

शेवटी दंतवैद्यांकडे गेले. या डॉक्टर बाई जबड्याच्या सांध्यावरच जास्त काम करणाऱ्या निघाल्या, हे माझं नशीब. तोंडात बघण्याआधी त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही कानांच्या भोकांपुढे जो मऊ कुर्चेचा उंचवटा असतो, त्याच्या अगदी समोर त्यांनी एकेक बोट ठेवलं. “हळू उघडा. आता मिटा. पुन्हा एकदा.” मग म्हणाल्या, “आता तुमची बोटं ठेवा. डावीकडे काय होतंय ते तुम्हीच बघा.”

डाव्या बोटाखाली हाडाचा एक गोळा आधी जागच्या जागी फिरला, मग पुढे सरकला, आणि तो गेला त्या जागी बोटाला खळगा लागला. उजव्या बोटाखालचा गोळा फिरला आणि तिथेच राहिला. खळगा पडलाच नाही. इतकी वर्षं हे तोंड वापरलं, पण त्याचा सांधा इतका वर, कानाला इतका खेटून आहे हे मला ठाऊकच नव्हतं. जबडा गालाखाली कुठेतरी जोडलेला असावा, अशी माझी ढोबळ समजूत होती. तुम्हीही आत्ता बोटं ठेवून बघा. दोन्ही बाजूंना तो गोळा पुढे जाताना लागेल.

त्यांनी पट्टीने मोजलं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये 26 मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. मग जबडा आडवा हलवायला सांगितला. उजवीकडे तो नीट गेला, डावीकडे जेमतेम तीन मिलिमीटर. हातात आरसा दिला आणि हळूहळू उघडायला लावलं, तेव्हा दिसलं की माझी हनुवटी सरळ खाली जात नाही, उघडता उघडता उजवीकडे वळते. दुखतं उजवीकडे आणि हनुवटीही तिकडेच जाते, याचं मला नवल वाटलं.

“खालचा जबडा एकच हाड आहे,” त्या म्हणाल्या, “आणि त्याला दोन सांधे. डावा पुढे गेला, उजवा जागेवर अडकला, तर हनुवटी कुठे जाणार?” मी टेबलावरची पट्टी दोन टोकांना धरली आणि एकच टोक पुढे ढकलून पाहिलं. पट्टी अडकलेल्या टोकाकडे वळली. हनुवटी डावीकडे न्यायची तर उजवा गोळा पुढे सरकायला हवा आणि माझा तोच सरकत नव्हता, हेही त्याच क्षणी उलगडलं. इतके दिवस नुसतं ‘तोंड उघडत नाही’ असं वाटत होतं. आता नेमकं काय हलत नाही ते कळलं, आणि भीती निम्मी झाली.

त्यांच्याकडे शिकवण्यासाठी ठेवलेली एक खरी कवटी होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. कानाच्या भोकाच्या लगेच पुढे, कानशिलाच्या हाडाच्या खालच्या अंगाला एक खोलगट खोबण असते आणि त्या खोबणीपुढे हाडाचा उतरता उंचवटा. खालच्या जबड्याचं डोकं मिटल्या तोंडी या खोबणीत असतं. ते चेंडूसारखं गोल नसतं. आडवं ठेवलेल्या बदामासारखं असतं, डावी-उजवीकडे सुमारे 15 ते 20 मिलिमीटर रुंद आणि पुढून मागे त्याच्या निम्मंच. डॉक्टरांनी कवटी दिव्यासमोर धरली. खोबणीच्या छतातून उजेड आरपार आला. हाड तिथे इतकं पातळ असतं, आणि त्याच्या लगेच वर मेंदू. माझ्या अंगावर काटा आला. आपण दाढांखाली काही जोरात चावतो तो सगळा भार इथे येतो की काय? त्यांनी उंचवट्याच्या उतारावर बोट टेकवलं. “भार इथे येतो. हे हाड बघा किती भरीव आहे. खोबणीचं छत भार घ्यायला नाहीच.”

आणि मग गादी. मणक्यातली गादी आपण सगळे ऐकून असतो. ‘गादी सरकली’ हे शब्द घरोघरचे आहेत. जबड्याच्या सांध्यातही एक गादी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चिवट तंतूंची ही चकती पुढे-मागे जाड आणि मधे पातळ असते. जबड्याच्या डोक्यावर ती टोपीसारखी बसते आणि आतल्या-बाहेरच्या दोन टोकांना बांधलेली असते, बादलीला कडी अडकवावी तशी. त्यामुळे ती डोक्यावर पुढे-मागे फिरू शकते आणि तरी त्याच्याबरोबर प्रवासही करते. तिच्यामुळे एका सांध्याचे दोन कप्पे होतात. खालच्या कप्प्यात जबड्याचं डोकं बिजागरीसारखं फिरतं, त्यावर पहिले वीसेक मिलिमीटर तोंड उघडतं. त्यापुढे वरचा कप्पा कामाला येतो. डोकं आणि गादी मिळून उंचवट्याच्या उतारावरून खाली-पुढे घसरतात आणि तोंड पूर्ण उघडतं. शाळेत आपण बिजागरीचा सांधा वेगळा आणि सरकता सांधा वेगळा शिकतो. इथे दोन्ही एकात, आणि तेही दोन्ही कानांपुढे जोडीने. आपण बोलताना हे किती वेळा होतं याचा विचार केला तर मला आजही आदर वाटतो.

माझ्याबाबतीत ही गादी डोक्यावरून पुढे घसरली होती. ती एका रात्रीत घसरली नव्हती. गेली सात-आठ वर्षं माझ्या उजव्या सांध्यातून टक असा आवाज यायचा. जांभई दिली तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. दुखत नव्हतं म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. न दुखणाऱ्या, न अडणाऱ्या टकटकीला सहसा उपचार लागतही नाहीत, असं डॉक्टर म्हणाल्या. कितीतरी लोकांची गादी पुढे असते आणि त्यांना जन्मभर पत्ताही नसतो. तो आवाज कशाचा ते त्यांनी हाताने करून दाखवलं. डाव्या हाताची मूठ म्हणजे जबड्याचं डोकं, तिच्यापुढे उजव्या हाताची बोटं म्हणजे घसरलेली गादी. मूठ पुढे जाते, गादीच्या मागच्या जाड कडेखालून उडी मारून मधल्या पातळ भागात येते, तेव्हा टक. मिटताना पुन्हा घसरते, तेव्हा दुसरी टक, जरा हलकी. “आणि एक दिवस मूठ त्या कडेखालून जाऊच शकत नाही. गादी पुढे गोळा होऊन बसते आणि वाट अडते.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तोंड अडकलं त्या सकाळपासून टक बंद होती. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबल्याचं मला कळलंच नव्हतं. ज्याच्या सांध्यात अशी टकटक असेल त्याने हे एक ध्यानात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. आवाज थांबला आणि त्याच वेळी तोंड उघडणं कमी झालं, तर वाट पाहत बसू नये.

कानाच्या ठणक्याचाही उलगडा झाला. गादीच्या मागे एक मऊ, लवचीक ऊती असते. गादीचा मधला भाग रक्तवाहिन्या आणि नसांविना असतो, पण ही मागची ऊती दोन्हींनी भरलेली असते. गादी पुढे गेली की जबड्याचं डोकं या नाजूक ऊतीवर टेकतं आणि ती चेपली जाते. तिला संवेदना देणारी नस कानापुढून वर कानशिलाकडे जाते आणि तिचेच फाटे कानाच्या नळीला आणि पडद्याच्या बाहेरच्या बाजूलाही जातात. दुखतं सांध्यात, वाटतं कानात. पुढे वाचताना कळलं, की 1934 साली जेम्स कॉस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला, आणि ते स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी दिलेली कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण कान दुखतो म्हणून आलेल्याचा जबडाही तपासावा, एवढं तेव्हापासून लिहिलेलं आहे.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी गादी हाताने जागेवर आणायचा प्रयत्न केला. हातमोजा घालून अंगठा उजव्या खालच्या दाढांवर ठेवला, बोटांनी जबडा खालून धरला आणि तो सावकाश आधी खाली, मग पुढे ओढला. मिनिटभर धरून ठेवला, सोडला, पुन्हा ओढला. दुखलं, पण सोसवण्यासारखं. गादी आली नाही. “पहिल्या काही दिवसांत कधी कधी येते. आता तीन आठवडे झालेत.” त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता, तरी मला वाईट वाटलं.

एक्स-रेमध्ये हाडं ठीक दिसली. गादी एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय करावा लागला. तो दोनदा करतात, एकदा तोंड मिटून आणि एकदा दातांमध्ये ठोकळा धरून तोंड उघडं ठेवून. दुसरी वेळ मला जड गेली. ठोकळा पकडून निश्चल पडायचं, गिळायचंही नाही, सांधा ठणकतोय आणि भोवती यंत्राचा धडधडाट. मी मनात आकडे मोजत राहिले. चित्रं मात्र पाहण्यासारखी होती. डावीकडे गादी काळ्या, मधे बारीक झालेल्या बो टायसारखी, जाड मागची कड बरोबर डोक्याच्या माथ्यावर. उजवीकडे ती डोक्याच्या पुढे पडलेली, आणि उघड्या तोंडाच्या चित्रात चुरगळून गोळा झालेली. स्वतःच्या दुखण्याचं इतकं स्पष्ट चित्र मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी लगेच शस्त्रक्रियेचं विचारलं. डॉक्टरांनी थांबवलं. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही, म्हणाल्या. आधी व्यायाम, शेक आणि रात्री दातांवर बसवायची कडक ॲक्रिलिकची प्लेट. काही महिन्यांत फरक पडला नाही, तर सांधा धुण्याचा मार्ग होता. वरच्या कप्प्यात दोन सुया घालतात, एकीतून द्रव सोडतात, दुसरीतून बाहेर काढतात. या कप्प्यात जेमतेम एक-सव्वा मिलिलिटर द्रव मावतो. ही पद्धत 1991 साली मांडली गेली. गादी जागेवर न आणताही नुसत्या धुण्याने अनेकांची तोंडं उघडली, आणि तेव्हापासून गादीच्या जागेला पूर्वीइतकं महत्त्व राहिलं नाही. हे ऐकून माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. गादी जागेवर येईपर्यंत मी बरी होणार नाही, असं मी ठरवूनच बसले होते.

पुढचं काम फिजिओथेरपिस्टचं. वयाने माझ्याहून बरेच लहान, मला ताई म्हणायचे. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. विचारलं, “ताई, आत्ता तुमचे दात एकमेकांना टेकलेत का?” टेकले होते. नुसते टेकलेले नव्हते, घट्ट दाबलेले होते. तोंड मिटलं की दातही मिटलेले असणार, असं मला वाटे. तसं नसतं. ओठ मिटलेले, जीभ टाळूला वरच्या दातांच्या मागे हलकी टेकलेली आणि दातांच्या ओळींत दोन-तीन मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांती. चावताना आणि गिळताना दात टेकतात, तेही क्षणभर. मी ते तासन्‌तास दाबून धरत होते, काम करताना, वाचताना, काळजी करताना, आणि बहुधा झोपेतही. गालावर बोटं ठेवून दात दाबले की जो स्नायू टणक होऊन फुगतो, तो माझा सकाळी उठतानाच दुखरा असायचा.

त्यांनी लाल ठिपक्यांच्या चिकटपट्ट्या दिल्या. संगणकाच्या कडेला, आरशावर, फोनच्या मागे, घड्याळाशेजारी एकेक लावली. ठिपका दिसला की दात सोडायचे. पहिल्या दिवशी प्रत्येक ठिपक्यापाशी दात दाबलेलेच सापडले. एकदाही सुटे नव्हते. पंधरा दिवसांनी निम्म्या वेळा सुटे असायचे. इतक्या उपायांमध्ये मला सगळ्यात जास्त या ठिपक्यांनी दिलं असं वाटतं, पण हे माझं मत. कुणाला प्लेटने जास्त बरं वाटतं.

व्यायामाआधी ओला गरम शेक, दहा-पंधरा मिनिटं. मग जिभेचं टोक टाळूवर ठेवून तोंड उघडायचं. अशाने जबड्याचं डोकं पुढे घसरत नाही, फक्त फिरतं, आणि हनुवटी आरशात सरळ रेषेत ठेवायला शिकता येतं. मग अंगठा वरच्या दातांवर, पहिलं बोट खालच्या दातांवर, कात्रीसारखे आडवे धरून हलका ताण. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. तिसऱ्या आठवड्यात मी उत्साहाने जोर लावला आणि दोन दिवस ठणका घेऊन बसले. शेवटी जबडा डावीकडे सरकवायचा. हा सगळ्यात अवघड. उजव्या डोक्याला पुढे ओढणारा स्नायू कवटीच्या तळाशी, वरच्या दाढांच्या मागे खोल असतो. तो बोटाला नीट सापडतही नाही. त्याला मनानेच हुकूम द्यावा लागतो. मी डोळे मिटून कवटीवरचा तो उतार आठवत असे आणि डोक्याला म्हणत असे, इथून खाली, इथून पुढे. हे चित्र डोळ्यांपुढे नसतं तर मी नुसती हनुवटी ओढत बसले असते.

खाणं मऊ, बारीक घास. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. तळहातावर गाल टेकून वाचायची माझी जुनी सवय बंद.

आकडे मी वहीत लिहीत गेले. दुसऱ्या आठवड्यात 28. महिन्याने 32. मग तीन आठवडे 32 वरच अडलं आणि मी खचले. दोन महिन्यांनी 37. चार महिन्यांनी 41. कान कधी शांत झाला ते नीट सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस दुखलेला नाही.

गादी जागेवर आलेली नाही. टक पुन्हा कधी झाली नाही, ती होणारही नाही बहुतेक. डॉक्टरांनी सांगितलं, की मागची ती चेपलेली ऊती हळूहळू ताणली जाते, चिवट होते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या कमी होतात आणि ती गादीचं काम करू लागते. पुढची गादीही थोडी आणखी सरकून वाट देते. हे ऐकून मी काही वेळ बोललेच नाही. माझ्या नकळत, कानापुढच्या एवढ्याशा जागेत, हे काम चाललं होतं.

त्या महिन्यांत वाचलेली एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये जबड्याचा सांधा वेगळ्याच दोन हाडांचा असतो. सस्तन प्राणी घडत गेले तशी ती दोन हाडं लहान होत मधल्या कानात गेली आणि त्यांचे हातोडी नि ऐरण झाले. जबड्यासाठी हा नवा सांधा तयार झाला. म्हणजे ज्या हाडांनी आपण ऐकतो ती एके काळी चावत होती. गर्भातही ही दोन छोटी हाडं पहिल्या जबड्याच्या कूर्चेपासूनच बनतात. माझा कान आणि माझा जबडा एकमेकांचं दुखणं का वाटून घेतात, याचं वैद्यकीय कारण ती नस हेच आहे, हे मला माहीत आहे. तरी हे वाचल्यावर कानावर माझा राग उरला नाही.

अजूनही रोज सकाळी दात घासण्याआधी मी दोन्ही करंगळ्या कानांत हलक्या घालून तोंड उघडते. करंगळीच्या पोटाला जबड्याची दोन्ही डोकी लागतात. डावं पटकन जातं. उजवं किंचित मागे राहतं, जरा खरखरतं, आणि मग तेही जातं.